सशाच्या पसंतीचं अंडं

घरात ससा आला तेव्हा त्याला आणायला भाऊजीच गेले होते. ससा जड होता. येताना पिशवी या हातातून त्या हातात घेत भाऊजी मनाशी म्हणाले, चला, घरात आपल्याहून खालच्या पायरीवर कुणीतरी आलं एकदाचं. माणसाचा अंदाज चुकतो तो असा.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. तसे ते एकट्या वहिनींचेच भाऊजी, पण त्या घरात वहिनी ज्याला जे म्हणत तेच त्याचं नाव होऊन बसे. शेजारी त्यांना भाऊजी म्हणत, दूधवाला म्हणे, आणि एकदा तर सख्खा भाऊही त्यांना ‘भाऊजी, जरा मीठ द्या’ म्हणून गेला. पूर्वी ते चॉकलेटच्या कारखान्यात साच्यांवर होते. ईस्टर वर्षातून एकदा येतो, पण त्याची अंडी आणि ससे वर्षभर ओतावे लागतात, त्यामुळे भाऊजींचं तारुण्य सगळं ईस्टरमध्येच गेलं. मग कारखान्यात एक यंत्र आलं. ते भाऊजींचं सगळं काम करायचं आणि वर बोटं चाटायचं नाही. भाऊजी एका पिशवीत कपडे आणि एका पिशवीत जुने पत्र्याचे साचे घेऊन चार दिवसांसाठी दादाकडे आले. ते चार दिवस अजून संपायचे होते.

त्यांना स्वयंपाकघरामागची खोली मिळाली होती. एक खिडकी, एक खाट, भिंतीला खुंट्या. सकाळी खिडकीतून ऊन थेट उशीवर यायचं. अख्ख्या घरात एवढं ऊन दुसरीकडे कुठे पडत नसे, आणि तेच पुढे भाऊजींना भोवलं.

वहिनी लग्नाआधीपासून लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होत्या. डॉक्टर दात कोरत तेव्हा तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, हे त्यांचं काम. ती नळी धरून त्यांनी इतक्या पोरांच्या तोंडात डोकावलं होतं, की रस्त्यात एखादं मूल हसलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. घरात त्यांची एकुलती एक मुलगी होती. तिचे पुढचे दुधाचे दात पडले होते आणि बाकीचे हलत होते, म्हणून तिला सगळे बोळकी म्हणत.

गेल्या ईस्टरला बोळकी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली आणि टोपली घेऊन आली. वहिनींनी त्या टोपलीचा जेवणाच्या टेबलावर रीतसर पंचनामा केला. खाली प्लॅस्टिकचं गवत. त्यावर प्लॅस्टिकची अंडी. अंड्यांत रंगीत साखरेच्या गोळ्या. मधोमध चांदीच्या कागदात गुंडाळलेला चॉकलेटचा ससा. वहिनींनी सशावर चमचा मारला. तो फुटला.

“आतून पोकळ,” त्या भाऊजींकडे बघून म्हणाल्या.

भाऊजींनी मान खाली घातली. सशाच्या डाव्या कानाला चीर होती. साचा त्यांनीच पाडला होता एकदा.

त्या दिवशी वहिनींनी दवाखाना सोडला आणि टोपल्यांचा धंदा काढला. वेताची टोपली. प्लॅस्टिकच्या गवताऐवजी टोपलीतच गहू पेरून उगवलेलं खरं हिरवं गवत. पानासकट गाजर, वाळवलेल्या सफरचंदाच्या चकत्या, लाकडी भोवरा, मुळ्याच्या बियांची पुडी, आणि हे सगळं बांधायला सुती दोरी. साखर नाही, प्लॅस्टिक नाही, चकाकी नाही. बघणाऱ्याला ती आजाऱ्याला भेटायला नेतात तशी टोपली वाटायची, पण आईबापांना ती फार आवडली. मुलाला हवं ते दिल्याचं सुख वेगळं आणि मुलाच्या हिताचं दिल्याचं वेगळं. दुसऱ्यात रुबाब जास्त.

ससा आणला तो केवळ गाजराच्या साली फुकट जाऊ नयेत म्हणून. पण एके दिवशी तो सुटला आणि त्याने दोऱ्यांच्या गठ्ठ्यातल्या पांढऱ्या दोऱ्या खाल्ल्या, लाल तेवढ्या ठेवल्या. वहिनींनी दोरीवाल्याला गाठून खडसावलं तेव्हा त्याने कबूल केलं, लाल रंग बिटाचा नाही, डब्यातला आहे. झालं. त्या दिवसापासून ससा ससा राहिला नाही. तो साहेब झाला.

टोपलीत जायची प्रत्येक वस्तू आधी साहेबांपुढे जाऊ लागली. दादा चष्म्याचं दुकान बंद करून आले की हातपाय धुऊन साहेबांना दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणत. वहिनी पांढऱ्या बशीत वस्तू ठेवत. मग सगळे हाताची घडी घालून उभे. साहेब वास घेत, मिशा हलवत, कुणाच्या तरी चुकीचा विचार केल्यासारखे थांबत, आणि एकदाचा तुकडा मोडत. मग वहिनी आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “खाल्लं.” तो त्या वस्तूचा जन्म. साहेबांनी पाठ फिरवली की तिचं तिथेच मयत. साहेबांनी गाजर पास केलं, गवत पास केलं, सफरचंद पास केलं, बियांची पुडी पुडीसकट पास केली. भोवरा त्यांनी नुसता चाटला, तर वहिनी म्हणाल्या, ही संमतीच आहे. प्रत्येक टोपलीला एक चिठ्ठी लागली, ‘सशाने पसंत केलेलं.’ साहेबांनी एक चिठ्ठीही खाल्ली. कागदसुद्धा शुद्ध निघाला म्हणून वहिनींना त्या दिवशी भरून आलं.

बोळकीला कुणी काही विचारत नसे. शेजारणीने एकदा विचारलं होतं, की आधी आपल्या मुलीला देऊन बघता का. वहिनी हसल्या होत्या. म्हणाल्या, “मुलांना काय विचारायचं? जिभा गेल्यात त्यांच्या. मुलं चॉकलेटला चांगलं म्हणतात.”

ईस्टर जवळ आला तशी बोळकीच्या शाळेतल्या बाईंनी अख्ख्या पहिलीच्या टोपल्या सांगितल्या. बाईंची एकच अट होती, टोपलीत अंडं हवं. बिनअंड्याची ईस्टरची टोपली म्हणजे नुसता भाजीबाजार, असं त्या म्हणाल्याचं वहिनींनी घरी येऊन सांगितलं आणि त्या भाऊजींच्या खोलीत शिरल्या. हातात शिंप्याकडची टेप होती. त्यांनी खिडकी मोजली, भिंत मोजली. एवढ्या टोपल्यांत गहू उगवायचा तर ऊन हवं, आणि ऊन इथेच. मध्ये भाऊजी खाटेवर बसले होते, तर टेप त्यांच्या मांडीवरूनच नेली.

 बाहेर भाऊजींचं कुणी नव्हतं. साच्यांच्या पिशवीकडे बोट करून ते म्हणाले की अंडं मी करतो. साखरेचं नाही. खजूर, भाजलेले ओट, थोडा आल्याचा रस, वरून दालचिनी.

वहिनींनी टेप गुंडाळली. “करा. साहेबांनी खाल्लं तर खोली तुमची. जन्मभर तुमची, मी शब्द देते. नाही खाल्लं तर ईस्टर झाला की तुमची तुम्ही सोय बघा.”

“बघ, न्यायाचं बोलली,” दादा म्हणाले. दादांना वहिनींचं सगळंच न्यायाचं वाटे. संसार टिकवायची त्यांची ती रीत होती.

पहिलं अंडं भाऊजींनी जीव ओतून केलं. साच्यातून निघालं तेव्हा ते असं तुळतुळीत होतं, की त्यात स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. दादांनी चव बघायला म्हणून एक खाल्लं, चव नीट कळली नाही म्हणून दुसरं खाल्लं, आणि तिसऱ्याच्या वेळी वहिनींनी बशी ओढली. खाली सांडलेला चुरा बोळकीने टेबलाखाली बसून बोटाने टिपून संपवला आणि वर डोकं काढून आणखी आहे का विचारलं. तिला झोपायला पाठवलं.

मग साहेबांना आणलं. साहेबांनी वास घेतला, दालचिनी नाकात गेली, आणि ते शिंकले. सशाची शिंक ती केवढी असणार, पण खोलीत बॉम्ब पडल्यासारखी शांतता झाली. साहेब फिरले, शेपटी अंड्याकडे केली, आणि बशीत चार लेंड्या टाकल्या.

“स्पष्ट आहे,” वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी दालचिनी काढली. साहेब फिरले. आलं काढलं. साहेब फिरले. खजूर निम्मा केला, ओट बदलले, सफरचंदाचा रस घातला. साहेब आता वास घ्यायलाही येईनात. दादांच्या हातात असतानाच, भाऊजी दिसले की तोंड फिरवू लागले. वहिनी टोपल्या आणून भाऊजींच्या खाटेखाली ठेवू लागल्या, मग खाटेवर पायथ्याशी, मग उशाशी. भाऊजी कुशीवर झोपू लागले, कारण उताणं झोपायला जागा नव्हती.

शेवटी त्यांनी लाज सोडली आणि गॅलरीत पिंजऱ्यापुढे पालथे पडून ते साहेबांचा अभ्यास करू लागले. साहेब काय आधी खातात, काय उरवतात, कोणत्या बाजूने कुरतडतात. साहेबांपुढे पडलेली प्रत्येक गोष्ट ते स्वतः चाखून बघत, कारण कारखान्यात शिकले होते, की गिऱ्हाइकाची जीभ आपल्या तोंडात आल्याशिवाय माल जमत नाही. लसूणघास. कोंडा. वाळलेलं गवत, जरा धुळकट असलेलं. गाजराचा पाला, गाजर नव्हे. जेवायला हाक आली की ते म्हणत, भूक नाही. वहिनींनी त्यांचं ताट मांडायचं बंद केलं.

अंडं हळूहळू हिरवं होत गेलं. खजूर गेला, ओट गेले. पाला आला, कोंडा आला, गवताचा भुगा आला. एकदा भाऊजींच्या लक्षात आलं, की साहेब मऊ काही धरीत नाहीत. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, त्याला ते झिजवायला कडक काहीतरी हवं असतं. भाऊजींनी दादांच्या दुकानातला शिकंजा आणला आणि साचा त्यात घालून, दात ओठ खाऊन आवळला. अंडं निघालं ते दगडासारखं. टेबलावर ठेवलं तर ठक्क वाजलं.

त्यांनी ते स्वतः चाखलं होतं आणि त्यांना ते छान लागलं होतं. तिथेच त्यांना शंका यायला हवी होती.

साहेबांना आणलं. साहेबांनी वास घेतला. मग त्यांनी जे केलं ते त्या टेबलावर पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांनी उडी मारली, अंड्याला दोन्ही पुढचे पाय टेकले आणि कडाकडा कुरतडायला सुरुवात केली. अंडं संपलं तेव्हा बशी चाटली, आणि बशी चाटून झाल्यावर भाऊजींची बोटं चाटली.

“खाल्लं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी भाऊजींच्या खाटेवरच्या टोपल्या उचलल्या, पलंगपोस बदलला आणि उशीला नवा अभ्रा घातला. भाऊजी त्या दिवशी उताणे झोपले. चेहऱ्यावर ऊन येईपर्यंत उठले नाहीत.

शाळेत टोपल्या वाटायचा समारंभ झाला. सगळी मुलं बोळकीच्या वयाची, सतरंजीवर ओळीने बसलेली. मागे लहान खुर्च्यांवर आईबाप, गुडघे हनुवटीला लावून. वहिनींनी भाषण केलं. साखरेने काय होतं ते त्यांनी हिरड्यांच्या चित्रासकट सांगितलं, एक मूल रडलं, आणि आईबापांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी दाराशी इस्त्रीच्या शर्टात उभे होते. मग बाईंनी सांगितलं, आता सगळ्यांनी आपलं अंडं खायचं.

मुलांनी चावा घेतला.

पहिल्यांदा आवाज काहीच आला नाही. मग सगळ्या वर्गात बारीक कटकट कटकट सुरू झाली, गारा पडाव्यात तशी. सशाचे दात वाढत असतात. त्या वयाच्या मुलांचे दात नेमका उलटा उद्योग करत असतात. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने अंडं तोंडातून काढलं तेव्हा त्यात त्याचा दात होता, मेणबत्तीसारखा सरळ रोवलेला. त्याने तो बघितला, शेजारच्याला दाखवला, शेजारच्याने आपला दाखवला. मग भोकाड पसरायची साथ आली. हिरव्या गव्हावर लाल ठिपके पडले. दिसायला ते खरोखर ईस्टरसारखं दिसत होतं.

वहिनी मात्र जागेवर थांबल्या नाहीत. सवयीने त्या रांगेतून फिरल्या, कापूस मागितला, प्रत्येकाला ‘आ कर’ म्हणाल्या, आणि निघालेले दात एका लाकडी वाटीत गोळा केले. एकही किडलेला नव्हता, हे त्यांनी आईबापांना मुद्दाम दाखवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोळकी मागच्या रांगेत होती. तिने अंडं तोंडाला लावलंच नव्हतं. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पहिलं होतं ते छान होतं. ते तुम्ही सशाला दिलंत.”

भाऊजी दाराबाहेर सरकू लागले. तेवढ्यात एका मुलाचे आजोबा आडवे आले. पाळीव प्राण्यांचं दुकान होतं त्यांचं. नातवाच्या अंड्यात रुतलेला दात काढून त्यांनी खिशात ठेवला, अंडं मोडलं, हुंगलं, आणि विचारलं, यात काय काय आहे. भाऊजींनी खरं सांगितलं. लसूणघास, कोंडा, पाला, गवत.

“म्हणजे वैरण,” आजोबा म्हणाले.

बाईंनी टोपलीची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. ‘सशाने पसंत केलेलं.’ खोटं कुठेच नव्हतं. त्यामुळे त्यांना बोलायला जागाच राहिली नाही, आणि त्या जास्तच चिडल्या.

आजोबा मात्र खुशीत होते. इतकी कसून दाबलेली, इतक्या निगुतीने केलेली वैरण उभ्या जन्मात पाहिली नाही, असं म्हणून त्यांनी भाऊजींचा हात हातात घेऊन हलवला. कारखाना सुटल्यापासून भाऊजींचा हात कुणी धरला नव्हता, दळण आणायला सांगताना सोडून. आजोबांना दुकानासाठी ही अंडी हवी होती, नेहमीसाठी, पोतीच्या पोती. वहिनींनी दातांची वाटी टेबलावर ठेवली आणि तिथल्या तिथे बोलणी केली. घरी येताना त्या गाडीत दादांना म्हणाल्या की मुलांच्या धंद्यात मुलं फार मध्ये येतात.

त्यांनी शब्द पाळला, हे मान्य करायलाच हवं. खोली भाऊजींचीच राहिली. फक्त एवढ्या मालाला एकटे साहेब कुठे पुरे पडणार, म्हणून आणखी ससे आले, आणि सशांना ऊन लागतं. खाट बाहेर काढावी लागली, कारण तिचे पाय ससे कुरतडत होते. तिच्या जागी गवत अंथरलं. खुंट्यांवर पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगल्या. भाऊजींनी भीत भीत विचारलं, मी कुठे.

“इथेच की,” वहिनी म्हणाल्या. “तुमचीच खोली आहे. मी कधी नाही म्हटलंय?”

दादा म्हणाले, न्यायाचं आहे.

भाऊजी गवतावर झोपू लागले. ते तितकंसं टोचत नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. दिवसभर ते अंडी दाबत आणि ती गेली की सशांजवळ येऊन बसत. बोळकी दारातून बघे. तिच्या हातात शाळेतून आणलेलं चॉकलेट असे, आणि ती ते त्यांच्यासमोर सावकाश, कागद चाटूनपुसून खाई. एकदा भाऊजींनी हात पुढे केला, तर ती म्हणाली, “काका, तुम्हाला चालत नाही हे. पोट बिघडेल.”

पुढे ससे माजले. ज्याला रोज तेच मिळतं त्याला त्यातलं कौतुक राहत नाही. एका सकाळी माल न्यायला टेम्पो दाराशी उभा राहिला आणि नव्या घाण्याचं अंडं साहेबांपुढे ठेवलं, तर साहेब फिरले. दुसरा ससा आणला, तो फिरला. एकेक करून सगळे फिरले. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. पसंत केल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही, हा वहिनींचा नियम होता, आणि वहिनी नियम मोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती भाऊजींवर येऊन थांबली.

दादांनी भाऊजींना काखेत हात घालून उठवलं आणि टेबलापाशी आणलं. वहिनींनी बशी पुसली, त्यात अंडं ठेवलं आणि हाताची घडी घातली. दादांनी घातली. दारात बोळकीनेही घातली.

भाऊजींनी वास घेतला. पाला जरा जून होता, पण कोंडा ताजा होता. बाजूने धरून त्यांनी कडेचा एक तुकडा मोडला. मग दुसरा. मग त्यांना थांबवेना.

“खाल्लं,” वहिनी आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या आणि चिठ्ठ्या आणायला वळल्या.

दादांनी सवयीप्रमाणे बशी उचलली, आणि जाता जाता भाऊजींच्या दोन कानांच्या मध्ये बोटांनी हलकेच खाजवलं.